अध्यापक विद्यालयाची वास्तू : सेवाग्राम, युवास्क्युला आणि पूर्व विदर्भातील वनजिल्हे

प्रस्तावना

अध्यापक शिक्षणाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. अभ्यासक्रम, सराव पाठ, छात्रसेवाकाल, मूल्यमापन आणि पात्रता परीक्षा या प्रत्येक अंगावर चर्चासत्रे होतात व शोधनिबंध वाचले जातात. मात्र ज्या इमारतीत हे शिक्षण दिले जाते त्या इमारतीचा विचार मान्यतेसाठी येणाऱ्या तपासणी समितीच्या भेटीपुरताच होतो. चौरस मीटर मोजले जातात, खोल्यांवर नावांच्या पाट्या लागतात आणि विषय संपतो. वस्तुतः अध्यापक विद्यालयाची इमारत इतर महाविद्यालयांच्या इमारतींहून एका बाबतीत निराळी असते. तेथे शिकणारा विद्यार्थी उद्या स्वतः वर्ग मांडणार असतो. मुलांनी कोठे बसावे, उजेड कोणत्या बाजूने यावा, हाताने करावयाच्या कामाला जागा किती असावी, शिक्षक आणि मुले यांच्यात अंतर किती असावे, या गोष्टी त्याला कोणत्याही तासिकेत स्वतंत्रपणे शिकविल्या जात नाहीत. त्या तो इमारतीकडून शिकतो.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने दोन परिसरांचा विचार केला आहे. पहिला वर्ध्याजवळील सेवाग्राम येथील नयी तालीमचा, आणि दुसरा फिनलंडमधील युवास्क्युला येथील अध्यापक महाविद्यालयाचा. त्यानंतर चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील अध्यापक शिक्षणाच्या इमारतींकडे वळले आहे. या तुलनेमागे वास्तुसौंदर्याच्या आस्वादापलीकडचे एक निकडीचे कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक शिक्षणशास्त्र पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता व्हावयाची आहे आणि केवळ अध्यापक शिक्षण देणाऱ्या एकेकट्या संस्थांनी बहुविद्याशाखीय होणे अपेक्षित आहे. अशा वेळी उभ्या असलेल्या इमारतींचे काय करावयाचे, हा प्रश्न या भागातील अनेक संस्थांसमोर आहे.

वर्धा योजना आणि वेळापत्रकातून निघणारी इमारत

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अहवाल सादर केला. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम ही या योजनेची सूत्रे सर्वपरिचित आहेत. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेली बाब म्हणजे अहवालातील वेळापत्रक. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यांपैकी मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. मातृभाषेला ४० मिनिटे. संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून ४० मिनिटे. सामाजिक शास्त्रे व सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे. शारीरिक शिक्षणाला १० मिनिटे आणि मधली सुट्टी १० मिनिटांची.

हे वेळापत्रक वास्तुरचनेच्या अंगाने वाचले तर त्यातून एक इमारत आपोआप उभी राहते. दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ मुले टकळी, चरखा किंवा माग चालवणार असतील तर बाकांच्या रांगांना तेथे स्थान उरत नाही. लागते ती स्वच्छ सारवलेली जमीन, कापूस व सूत ठेवण्यासाठी भिंतीतील कोनाडे, सुताचा धागा दिसेल असा पण डोळ्यांवर न येणारा उजेड आणि बाहेरच्या शेताकडे सहज उघडणारी ओसरी. फळा भिंतीवर एका बाजूला असला तरी चालतो. तो खोलीचा केंद्रबिंदू राहत नाही. वर्गखोली आणि कार्यशाळा या दोन निरनिराळ्या जागा आहेत ही कल्पनाच येथे मोडीत निघते. याच सुमारास युरोपात आधुनिकतावादी वास्तुकलेचे एक प्रमुख सूत्र असे होते की, इमारतीचा आकार तिच्या उपयोगातून निघावा. जर्मनीतील बाउहाउस या संस्थेने १९१९ पासून कार्यशाळेलाच शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले होते. वर्ध्याने ते तेथून उचलले असे म्हणण्यास आधार नाही. दोन्हींच्या मागे एकोणिसाव्या शतकापासून वाढत आलेला हस्तश्रमाच्या शिक्षणाचा विचार होता, एवढे मात्र म्हणता येते. झाकिर हुसेन यांनी बर्लिनमध्ये उच्च शिक्षण घेतले होते आणि केर्शेनश्टाइनर यांच्या श्रमशाळेच्या कल्पनेचा त्यांच्यावर प्रभाव होता.

योजना राबवायची तर शिक्षक हवेत. म्हणून पुस्तके किंवा शाळांच्या आधी अध्यापक विद्यालय आले. मध्य प्रांत सरकारच्या विद्यामंदिर योजनेखाली वर्ध्यात एप्रिल १९३८ मध्ये विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा सुरू झाली. पंडित रविशंकर शुक्ल या योजनेचे प्रवर्तक होते. जमिनीच्या उत्पन्नावर चालणारी गावशाळा ही त्यांची कल्पना होती. 'मंदिर' या शब्दाला मुस्लिम लीगने घेतलेल्या आक्षेपामुळे ती वादातही सापडली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाने सेवाग्राम येथे आपले कार्यकेंद्र उभारले. झाकिर हुसेन अध्यक्ष, तर आर्यनायकम चिटणीस. श्रीलंकेतील आर्यनायकम आणि बंगाली कुटुंबातील आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनचा अनुभव गाठीशी घेऊन आले होते. पुढे १९४९ च्या सुमारास मार्जोरी साइक्स तेथे आल्या आणि १९५० च्या दशकात त्यांनी शिक्षक प्रशिक्षणाची धुरा वाहिली.

सेवाग्रामची बांधणी

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरील सेगावला राहण्यास आले. १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आदि निवास ही तेथील पहिली वास्तू. आज बापू कुटी म्हणून ओळखली जाणारी वास्तू मुळात मीराबहेन यांनी आपल्या कामासाठी बांधली होती. कुडाच्या व मातीच्या भिंती, लाकडी खांब, बांबू, उतरते कौलारू छप्पर, खाली आलेल्या वळचणी आणि सभोवती ओसरी असे तिचे रूप आहे. भिंतीवर मीराबहेन यांनी मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा आजही पाहावयास मिळतो. अलंकरण म्हणावे तर एवढेच, आणि तेही भिंतीच्याच मातीचे.

या बांधणीला केवळ साधेपणाचे प्रतीक मानणे ही सेवाग्रामविषयीच्या लेखनातील जुनी सवय आहे, आणि तिने या वास्तूंचे फार नुकसान केले आहे. प्रतीक म्हटले की तांत्रिक विचार थांबतो. प्रत्यक्षात येथील प्रत्येक अंगाला हवामानाचे कारण आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात जाड मातीची भिंत दुपारची उष्णता सावकाश आत येऊ देते. ती आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. खाली आलेली वळचण भिंतीवर ऊन पडू देत नाही आणि पावसाळ्यात मातीची भिंत धुपण्यापासून वाचवते. ओसरी ही ऊन व खोली यांच्यामधील पायरी असते. डोळ्यांना आणि शरीराला तेथे क्षणभर सवय होते. विदर्भातील कुणब्याच्या घरात हे सर्व होतेच. सेवाग्रामने ते शोधून काढले नाही, तर निवडले. शहरात शिकलेल्या, देशभरातून आलेल्या छात्रांना त्यात राहून शिकण्यास लावले हे त्याचे वेगळेपण होय.

नयी तालीमच्या छात्राध्यापकांच्या दिनक्रमात सफाई, स्वयंपाक, शेती आणि कताई यांना पाठाइतकेच स्थान होते. सारवणे, छप्पर शाकारणे, भिंत लिंपणे ही कामे अशा परिसरात दरवर्षी करावीच लागतात. येथे इमारतीची देखभाल हा शिपायाकडे सोपविण्याचा विषय राहिला नाही. तो अभ्यासक्रमाचाच भाग झाला. जी इमारत दरवर्षी हात लावल्याशिवाय टिकत नाही, ती वापरणाऱ्याला आपले अस्तित्व विसरू देत नाही. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. देखभाल करणारे हात कमी झाले की अशी इमारत सर्वांत आधी खचते.

जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेने नयी तालीमची व्याप्ती पूर्वबुनियादीपासून प्रौढशिक्षणापर्यंत वाढवली. परंतु स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत राज्यांनी बुनियादी शाळा स्वीकारल्या त्या बहुधा नावापुरत्या. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये 'कार्यानुभव' ही संज्ञा पुढे आणली, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' म्हटले, आणि ३ तास २० मिनिटांचा उद्योग वेळापत्रकातील एखाद्या तासिकेपुरता आकसला. वेळापत्रक आकसले तशी इमारतही बदलली. कारण आठवड्यातून एखादी तासिका असलेल्या विषयासाठी कोणी वर्गखोलीचा आराखडा बदलत नाही. सेवाग्रामची शाळाही कालांतराने बंद पडली. २००५ मध्ये नयी तालीम समितीने 'आनंद निकेतन' या नावाने ती पुन्हा सुरू केली. तेथे बालशिक्षण चालते, ही समाधानाची बाब आहे. परंतु देशाला बुनियादी शिक्षक पुरवणारे केंद्र ही भूमिका परत आली नाही. वास्तू राहिल्या, स्मारक झाल्या. जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच सेवाग्रामला आले असता त्यांनी बापू कुटीवर केलेले भाषण जगभर वाचले गेले. माणसाचे सामान ठेवण्याची जागा आणि माणसाचे राहणे यांतील भेद त्यांनी त्या कुटीत बसून मांडला. हे भाषण स्मारकावर झाले, चालू अध्यापक विद्यालयावर नव्हे, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते.

फिनलंडची सेमिनरी

हस्तश्रमाच्या शिक्षणाचा माग काढीत मागे गेल्यास वाट फिनलंडमध्ये पोहोचते. उनो सिग्नेउस यांना फिनलंडच्या लोकशाळेचे जनक मानतात. त्यांच्या नेतृत्वाखाली १८६३ मध्ये युवास्क्युला या लहानशा गावी फिनिश भाषेतील पहिले अध्यापक विद्यालय सुरू झाले. तेथे त्यास सेमिनरी म्हणत. तोवर त्या देशात उच्च शिक्षणाची भाषा स्वीडिश होती. सामान्य शेतकऱ्याच्या भाषेत शिक्षक घडवणे हेच तेथील पहिले पाऊल होते. १८६६ च्या लोकशाळा अध्यादेशाने ग्रामीण शाळांतील मुलांसाठी व अध्यापक विद्यालयांतील पुरुष छात्रांसाठी हस्तकाम सक्तीचे झाले. जगात असे प्रथमच घडत होते. स्वीडनमधील नेस येथील ओटो सालोमोन यांनी १८७७ मध्ये सिग्नेउस यांची भेट घेतली आणि पुढे 'स्लॉइड' या नावाने हस्तकाम शिक्षणाची पद्धत अनेक देशांत पसरली. मातृभाषा आणि हात ही वर्धा योजनेची दोन सूत्रे तेथे सत्तर वर्षे आधी एकत्र आलेली दिसतात. योगायोग असा की तोही जंगलांचा प्रदेश होता.

सेमिनरीच्या लाल विटांच्या इमारती १८७९ ते १८८३ या काळात कॉन्स्टान्टिन किसेलेफ यांच्या आराखड्यानुसार पाइन वृक्षांच्या टेकडीवर उभ्या राहिल्या. १९३४ मध्ये संस्थेला शिक्षणशास्त्राच्या उच्च महाविद्यालयाचा दर्जा मिळाला. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडने कारेलियाचा मोठा भाग गमावला, चार लाखांहून अधिक विस्थापितांचे देशांतर्गत पुनर्वसन करावे लागले आणि युद्धोत्तर काळात जन्मदरही वाढला. शाळा हव्या होत्या, त्याआधी शिक्षक हवे होते. या गरजेपोटी १९५१ मध्ये परिसराच्या विस्तारासाठी निमंत्रितांची स्पर्धा घेण्यात आली आणि आल्वार आल्तो यांचा आराखडा निवडला गेला. आल्तो यांचे बालपण याच गावात गेले होते आणि १९२३ मध्ये त्यांनी आपले पहिले कार्यालयही येथेच थाटले होते. स्पर्धेतील त्यांच्या आराखड्याचे टोपणनाव होते 'उर्ब्स', म्हणजे लॅटिनमध्ये नगर.

नाव नगराचे असले तरी आल्तो यांनी मधली जागा मोकळी सोडली. क्रीडांगणाच्या तीन बाजूंनी इमारती मांडल्या, वाहने परिघाबाहेर ठेवली आणि आतले चालणे झाडांमधून नेले. १९५० च्या दशकात मुख्य इमारत, ग्रंथालय, सराव शाळा, व्यायामशाळा, जलतरण तलाव, भोजनगृह आणि निवासगृह असे घटक एकेक करून पूर्ण झाले. यांत सराव शाळेचे स्थान विशेष लक्षणीय आहे. आपल्याकडे सराव पाठ म्हणजे गावातील शाळांकडे परवानगीचे पत्र घेऊन जाणे. येथे मुलांची शाळा अध्यापक महाविद्यालयाच्या अंगणातच होती. छात्राध्यापकाला व्याख्यानातून उठून पाचच मिनिटांत मुलांसमोर उभे राहता येई.

आल्तो हे आधुनिकतावादी वास्तुकार होते, परंतु पांढऱ्या भिंती आणि सपाट पृष्ठभागांचा सुरुवातीचा आधुनिकतावाद त्यांनी तोवर मागे टाकला होता. १९४० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन करीत असताना त्यांनी तेथील विद्यार्थी निवासगृहासाठी लाल वीट वापरली होती. युवास्क्युलामध्ये तर विटेला स्थानिक कारणही होते. किसेलेफ यांच्या जुन्या इमारती विटेच्याच होत्या. नव्या इमारतीने जुनीचा आकार उचलला नाही, तिचे साहित्य उचलले. मोठ्या काचांतून पाइनची झाडे दिसतात, जमिनीचा उतार सपाट न करता पायऱ्यापायऱ्यांनी वापरला आहे, आणि मुख्य इमारतीत सभागृहाबाहेरचे प्रशस्त दालन हे नुसते जाण्यायेण्याचे ठिकाण न राहता थांबण्याचे, बोलण्याचे ठिकाण झाले आहे. हिवाळ्यात दिवस काही तासांचाच असलेल्या प्रदेशात उजेड ही दुर्मीळ वस्तू. म्हणून तेथे खिडकी मोठी. सेवाग्रामला उजेड मुबलक आणि ताप जास्त. म्हणून तेथे वळचण खोल. दोन्हीकडे उत्तरे उलट आहेत. प्रश्न एकच विचारला गेला होता.

युवास्क्युलाच्या इतिहासातील निर्णायक भाग मात्र इमारतीनंतरचा आहे. १९५८ मध्ये तेथे तत्त्वज्ञान विद्याशाखा जोडली गेली आणि १९६६ मध्ये संस्था विद्यापीठ झाली. १९७० च्या दशकात फिनलंडने सर्व शिक्षक प्रशिक्षण विद्यापीठांत नेले व पदव्युत्तर पदवी ही शिक्षकाची अर्हता ठरवली, तेव्हा युवास्क्युलाला स्थलांतर करावे लागले नाही. अध्यापक महाविद्यालयाभोवतीच विद्यापीठ वाढले. आपल्या धोरणात जो बदल अपेक्षित आहे तो तेथे या रीतीने घडला. परिघावर बांधून मध्य मोकळा ठेवण्याच्या आराखड्याचा त्यात वाटा होता, कारण नव्या शाखेसाठी जुनी भिंत फोडावी लागत नव्हती.

वनजिल्ह्यांतील इमारती

चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या आणि २०११ मध्ये दोन्ही जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. दरम्यान २००० नंतरच्या दशकात राज्यभर खाजगी डी.एड. विद्यालयांचे पीक आले. मान्यतांचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २०११ मध्ये न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्यामागे महाराष्ट्रातील सुमारे तीनशे डी.एड. संस्थांचेच प्रकरण होते. तपासणीत त्यांपैकी बहुसंख्य संस्था निकषांत बसत नसल्याचे आढळले. २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली, २०१३ पासून पात्रता परीक्षा आली आणि विद्यार्थी मिळेनासे झाले. विद्यालये बंद पडू लागली. इमारती मागे राहिल्या.

या इमारती एकमेकींसारख्या का दिसतात, याचे उत्तर निकषांच्या भाषेत आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत पन्नास विद्यार्थ्यांच्या बी.एड. तुकडीसाठी २५०० चौरस मीटर जमीन व १५०० चौरस मीटर बांधकाम, दोनशे जणांचे बहुउद्देशीय सभागृह, ग्रंथालय, कला व हस्तकला संसाधन केंद्र अशी यादी आहे. यादी योग्यच आहे. तिच्यावाचून पत्र्याच्या शेडमध्येही महाविद्यालये निघाली असती. पण ती भोपाळपासून पणजीपर्यंत एकच आहे. उन्हाळ्यात पारा ४७ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपूरला आणि मुसळधार पावसाच्या भामरागडला तीच. खोली किती मोठी हे ती सांगते. खोलीत मे महिन्यात दुपारी बसता येते का, हे विचारत नाही. परिणामी मधोमध अंधारी वाट, दोन्ही बाजूंना खोल्या आणि वर तापलेला सपाट सिमेंटचा स्लॅब, हा एकच नमुना सर्वत्र उभा राहिला. याला आधुनिक वास्तुकला म्हणणे आधुनिकतावादावर अन्याय करणारे आहे. तिचे साहित्य तेवढे येथे आले, तिचा प्रश्न आला नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. आदिवासी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्याला पक्की इमारत ही प्रतिष्ठेची खूण वाटते. शहरातल्याला काँक्रीट आणि आपल्याला मात्र माती व बांबू, अशी वाटणी तो का मान्य करील? शिवाय मातीच्या वास्तूची दरवर्षीची देखभाल करण्यास आज मनुष्यबळ नाही. पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातून घर बांधावे, असे गांधीजींनी सांगितल्याची आठवण वास्तुकार लॉरी बेकर नोंदवीत असत. हा नियम चंद्रपूरला लावला तर गंमत होते. आवाळपूर, गडचांदूर परिसरात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत आणि औष्णिक वीजकेंद्राच्या राखेपासून विटा तयार होतात. म्हणजे सिमेंट व राखेची वीट हेच तेथील स्थानिक साहित्य ठरते. उलट शेजारच्या जंगलातील बांबू कित्येक दशके स्थानिकांना परका होता. कायद्याने तो वनविभागाचा. वनहक्क कायद्याने गौण वनोपज म्हणून त्यावर हक्क दिल्यानंतरही, २०११ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ग्रामसभेला वाहतूक परवान्याचे अधिकार मिळेपर्यंत तो प्रत्यक्षात विकता येत नव्हता. याच गावाने सागवान वापरून उभारलेले गोटुल वनविभागाने मोडले होते आणि गावाने ते पुन्हा उभारले. तरुणांच्या शिक्षणाची परंपरागत वास्तू बांधण्यासाठीही जेथे संघर्ष करावा लागला, तेथे महाविद्यालयांनी स्थानिक साहित्य का वापरले नाही, हे केवळ अभिरुचीच्या उणिवेने स्पष्ट होत नाही.

प्रश्न साहित्याच्या शुद्धतेचा नाही, हे चार्ल्स कोरिया यांच्या अहमदाबाद येथील गांधी स्मारक संग्रहालयावरून दिसते. १९५८ ते १९६३ या काळात साबरमती आश्रमात बांधलेल्या या वास्तूत सहा मीटर चौरसाचे घटक एकमेकांना जोडले आहेत. विटांचे खांब, कौलारू छपरे, खिडक्यांना काचेऐवजी लाकडी झडपा, आणि या सर्वांना आधार देणाऱ्या काँक्रीटच्या तुळया, ज्यांच्या पन्हाळीतून पावसाचे पाणी वाहून जाते. काही घटक मोकळे अंगण म्हणून सोडले आहेत. गरज पडेल तसा एकेक घटक वाढवता येईल, अशी ही मांडणी आहे. मर्यादित निधीत टप्प्याटप्प्याने बांधणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयास याहून उपयुक्त नमुना शोधूनही सापडणार नाही.

गडचिरोलीतही असे उदाहरण आहे, जरी ते शिक्षक प्रशिक्षणाचे नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे शोधग्राम १९९३ मध्ये धानोरा मार्गावर वसले. रुग्णालय कसे असावे हे आदिवासींना विचारून ते झोपड्यांच्या समूहाच्या रूपात बांधले गेले. रुग्णासोबत त्याचे नातलग राहू शकतात आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव आहे. याच परिसरातून खेड्यांतील स्त्रिया आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित होऊन गेल्या. प्रशिक्षणाची जागा आणि पुढच्या कामाची जागा यांत दरी नसणे हे तिचे बळ आहे. चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राने साहित्यालाच अभ्यासविषय केले. तेथे बांधकाम चालू असलेल्या बांबूच्या इमारतीला फेब्रुवारी २०२१ मध्ये आग लागून मोठी हानी झाली. बांबूची प्रक्रिया आणि अग्निसुरक्षा यांवर स्थानिक पातळीवर किती काम व्हावयाचे आहे, हे त्या घटनेने दाखवले. बांबूच नको, असा अर्थ त्यातून काढणे घाईचे होईल.

मातृभाषेचे सूत्रही येथे जिवंत आहे. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभांनी २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि तिच्या नावात गोटुल हा शब्द ठेवला. गोंडी वा माडिया बोलणाऱ्या मुलांसाठी शिक्षक घडवावयाचे असतील तर ते कोठे घडतील, कोणत्या ओसरीवर बसून मुलांशी बोलण्याचा सराव करतील, हा १८६३ मध्ये युवास्क्युलाने सोडवलेला प्रश्न या दोन जिल्ह्यांत अजून खुला आहे.

रिकाम्या पडलेल्या डी.एड. इमारती पाडून नव्या बांधण्याइतका निधी कोणाकडेही नाही, आणि त्याची गरजही नाही. पश्चिमेच्या भिंतीला ओसरी जोडणे, स्लॅबवर हवा खेळती राहील इतके अंतर ठेवून कौलांचे किंवा प्रक्रिया केलेल्या बांबूचे दुसरे छप्पर घालणे, मधल्या अंधाऱ्या वाटेच्या एका बाजूच्या दोन खोल्यांची भिंत काढून कार्यशाळा करणे, आवारात अंगणवाडी किंवा प्राथमिक शाळेचे वर्ग आणणे, ही कामे महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत. त्यांपैकी निम्मी कामे तर छात्राध्यापकांच्या प्रात्यक्षिकांत बसतात. स्लॅबखालच्या खोलीत आणि ओसरीत तासातासाला तापमापक वाचून त्याचा आलेख काढणे हा विज्ञान अध्यापन पद्धतीचा पाठ होऊ शकतो. त्याच नोंदी पुढे इमारत दुरुस्तीच्या प्रस्तावाला जोडता येतात.